मनालीचा माहीतगार

बोरिवली पूर्वेला काजूपाड्यात, एका चारमजली इमारतीच्या तळमजल्यावर चंद्रप्रकाश घाडीगावकर राहतो. त्या इमारतीतलं कोणीही मनालीला निघालं, की आधी त्याच्याकडे येऊन पंधरा मिनिटं बसायचं असा रिवाजच पडून गेला होता. बावीस उन्हाळे मनालीत काढलेला माणूस दुसरा आणायचा कुठून? चंद्रप्रकाशही बनियनवर शर्ट चढवायचा, दारात खुर्ची टाकायचा आणि सांगायला लागायचा. रोहतांगला पहाटे चारला निघा. भाड्याचे बूट आतून ओले असतात, मोज्यांचे दोन जोड घाला. बर्फावर पाय पडला की रवा चाळल्यासारखा आवाज येतो, घाबरू नका. ऐकणारा खूश होऊन जायचा. आणि तो रवा चाळल्याचा आवाज चंद्रप्रकाशने स्वतः उभ्या जन्मात ऐकलेला नव्हता.

चंद्रप्रकाश आचारी. मराठी माणूस हिमालयात गेला तरी त्याला सकाळी पोहे आणि रात्री वरणभात लागतो, हे ओळखून टूर कंपन्या आपले आचारी सोबत न्यायच्या, त्यातला तो एक. एप्रिलच्या मध्यावर तो पातेली, मसाल्याचे डबे आणि कोकमाची बरणी घेऊन मनालीच्या हॉटेलात उतरायचा आणि जूनच्या मध्यावर परतायचा. प्रवासी यायचे, तीन रात्री राहायचे, जायचे; त्यांच्या मागोमाग दुसरी तुकडी यायची. आचारी मात्र तिथेच, हॉटेलच्या मागच्या बाजूच्या लांबट स्वयंपाकघरात. रोहतांगची बस पहाटे चारला सुटायची म्हणून हा अडीचला उठून डबे भरायचा. बस दुपारी चारला परतायची तेव्हा गरम भजी तयार हवीत. मधल्या वेळात भाजी निवडायची, कणीक मळायची, बाजार करायचा. यात बर्फ बघायचा कधी?

बर्फ दिसायचा, नाही असं नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून वरची शिखरं दिसायची, पांढरीशुभ्र. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते त्याच्या बाबतीत अगदी शब्दशः खरं होतं. एकदा एका दादरच्या बाईंनी आचारीकाकांसाठी म्हणून रिकाम्या डब्यात बर्फ भरून आणला होता. डबा उघडला तेव्हा आत वाटीभर पाणी. भांडी घासणाऱ्याने ते ओतून डबा घासायला घेतला आणि चंद्रप्रकाशला उगीचच वाईट वाटलं.

मग हा रव्याचा आवाज आला कुठून? पंगतीतून. रात्री माणसं लाल नाकं घेऊन जेवायला बसायची आणि दिवसभराचं सगळं बोलायची. हा वाढता वाढता ऐकायचा. पहिल्या-दुसऱ्या वर्षी घरी परतला, तेव्हा तीन वर्षांच्या श्रुतिकाने मांडीवर चढून विचारलं होतं, "बाबा, तू बर्फाला हात लावलास?" पोरीच्या डोळ्यांत बघून त्याला नाही म्हणवलं नाही. लावला, म्हणाला. कसा लागतो, तर थंड, आणि पायाखाली रव्यासारखा वाजतो. झालं. पुढल्या वर्षी तो बर्फावरून घसरला, त्याच्या पुढल्या वर्षी त्याने बर्फाचा माणूस केला. बायको, शेवंती, भाकरी थापता थापता ऐकायची आणि समाधानाने म्हणायची की चला, घरातलं एक माणूस तरी जग बघतंय. तिचे सगळे मे महिने देवगडच्या बाजूला माहेरी-सासरी जायचे, दोन घरची आजारपणं, शाकारणी आणि आंबे एकटीने बघण्यात. त्या सगळ्यावर तिने हा एवढा उतारा शोधून ठेवला होता.

करोनानंतर कंपनीने आचारी नेणं बंद केलं. चंद्रप्रकाश घरून पूजेच्या जेवणाच्या ऑर्डरी घेऊ लागला आणि मनाली फक्त दारातल्या खुर्चीपुरती उरली. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती तशीच झाकलेली राहिली असती, पण यंदा नोव्हेंबरात श्रुतिका आली आणि तिने मोबाईल नाचवत सांगितलं की तिघांची तिकिटं काढलीत. श्रुतिका आता एकोणतीस वर्षांची, पवईला एका ऑफिसात नोकरीला, तिथेच मैत्रिणींबरोबर राहते. तिच्या ऑफिसला नाताळात आठवडाभर सुट्टी असते. डिसेंबरात मनाली. आईबाबांची आयुष्यातली पहिली सहल, तीही भर थंडीत.

"हॉटेल मी बघते," ती म्हणाली. "पण प्लॅन तू करायचास, बाबा. दिवसवार. तुझ्याएवढं कोणाला माहितेय? यूट्यूबवाले सगळे फेकतात."

चंद्रप्रकाशने मान डोलावली आणि पाणी प्यायला आत गेला. माठाजवळ तो बराच वेळ उभा होता. पेला भरून झाला होता, पण तो प्यायचा असतो हे त्याला सुचत नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस त्याच्या डोक्यात जो गोंधळ माजला त्याला तोड नव्हती. त्याला येत होती ती मे महिन्यातली मनाली, आणि तीसुद्धा पाठीमागच्या दाराची. थंडीत तिथे काय असतं? नळाला पाणी येतं का? दुकानं उघडी असतात? त्याने मोबाईलवर शोधलं. एकाने सांगितलं बर्फ गुडघाभर, दुसऱ्याने सांगितलं डिसेंबरात बर्फाचा पत्ता नसतो, तिसरा म्हणाला जायचंच नाही. तिघांनीही व्हिडिओ लाईक करायला सांगितलं. चंद्रप्रकाशने तिघांनाही लाईक केलं आणि मोबाईल पालथा घातला.

शेवटी त्याने नितेशला फोन लावला. नितेश त्याच्या जुन्या कंपनीत टूर मॅनेजर होता, त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, आता मुलुंडला स्वतःचं ऑफिस थाटून बसलेला. चंद्रप्रकाशने आडून आडून विचारायला सुरुवात केली. रोहतांगला हल्ली पहाटे कितीला निघतात वगैरे.

"काका, डिसेंबरात रोहतांग?" नितेश हसायलाच लागला. "बंद असतो तो. वाट लावाल घरच्यांची. सोलंगला जा, नाहीतर बोगद्यातून पलीकडे. तेपण बर्फ नशिबात असला तर."

चंद्रप्रकाशने ते लिहून घेतलं, पण सोलंग कुठल्या बाजूला ते विचारायची लाज वाटली. बावीस वर्षं त्या गावात काढलेल्या माणसाने विचारायचं तरी कसं? मग ते जुनं हॉटेल अजून आहे का, एवढंच विचारलं. नितेश म्हणाला, आहे तर, पुढून सगळं चकाचक केलंय, लिफ्ट बसवलीय, मागे किचन मात्र तुमच्या वेळचंच आहे, तेच काळं छप्पर. हे ऐकून चंद्रप्रकाशला एकदम बरं वाटलं. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

इकडे तयारीला जोर चढला होता. सामान काढ म्हटल्यावर त्याने सवयीने काय काढलं, तर तीन किलो रवा, गोडा मसाला, गूळ, पापड, कोकमं आणि एक मोठी किसणी. शेवंतीने विचारलं की आपण तिघं जातोय की वऱ्हाड नेतोय. त्याने अर्धा रवा परत ठेवला. प्रवासी कपडे नेतो हे त्याला आठवलंच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या शुभाताई आपल्या भावाकडून मागून आणलेली कानटोपी द्यायला आल्या आणि बसल्या बसल्या विचारून गेल्या की थंडीत खोबरेल तेल गोठत असेल ना, मग केसांना काय लावायचं. चंद्रप्रकाशने बदामाचं तेल सांगितलं. खरंखोटं देवाला ठाऊक.

रोज दुपारी तो तपकिरी पुठ्ठ्याची वही उघडून बसायचा. ही त्याची सीझनची वही, यात पूर्वी किराणा आणि तुकडीतली माणसं लिहिलेली. कोऱ्या पानावर त्याने लिहिलं, 'दिवस पहिला', आणि पेन थांबलं. सहल म्हणजे माणूस दिवसभर करतो काय? पंगतीत बसलेल्यांच्या गोष्टी त्याला पाठ होत्या, पण एका गोष्टीतून दुसरीत जायचा रस्ता त्याला ठाऊक नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण चार दिवसांनी एकदा हात चालायला लागला आणि तासाभरात दोन पानं भरली. भरलेली पानं बघून त्याला सुटल्यासारखं झालं. वाचून बघायचं त्याने टाळलं.

एवढ्यात शेवंतीला एक शंका आली. शेवंती मुळात शंका काढणारी बाई नव्हे. नवरा सांगेल ते ऐकून आपलं काम करणारी. पण सहलीचा विषय निघाल्यापासून तीही मनातल्या मनात तो रस्ता चालत असणार. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, मे महिन्यात जर तिथला रस्ता बर्फाने बंद होतो, तर डिसेंबरात आपण जाणार कसे?"

ती कुठल्या मे महिन्याबद्दल बोलतेय ते चंद्रप्रकाशला नेमकं कळलं. दोन हजार नऊचा. तिचे बापू, म्हणजे त्याचे सासरे, त्या मेमध्ये गावी वारले. ती तिथेच होती. मुलगा नव्हता त्यांना, शेवंती एकटीच. जावई तोच मुलगा. दहाव्याला पिंडाशी त्याने उभं राहायचं, असं सगळं गाव धरून चाललं होतं. त्याने मनालीहून फोन केला की खालचा रस्ता बर्फाने बंद झालाय, कधी उघडेल सांगता येत नाही. पलीकडून शेवंतीच रडता रडता म्हणाली होती की जिवावर उदार होऊन येऊ नका. दहावं चुलतभावाने केलं.

आत्ता त्याने घसा खाकरून सांगितलं की ते वर्ष वेगळं होतं, अवकाळी बर्फ पडला होता. एक खोटं जगवायला दुसरं जन्माला घालावं लागतं, तसं. शेवंतीने बरं म्हटलं आणि ताट उचलून आत गेली. पण तिच्या कपाळावरची आठी गेली नाही, हे त्याने पाहिलं. मला कशाला नेताय, कुठेतरी अडकून पडू, असं ती नंतर दोनदा म्हणाली. तिला खरीखुरी भीती वाटत होती. आपल्या खोट्याची भीती बायको सोळा वर्षांनी बाळगतेय, हे बघून चंद्रप्रकाशला जेवण जाईना. बर्फाला हात लावल्याची थाप एक वेळ हसण्यावारी जाईल. ही दुसरी उघडी पडली तर शेवंती पुन्हा आपल्याकडे पूर्वीसारखी बघेल का, हे त्याला कळत नव्हतं, आणि ती उघडी न पडता मनालीला जायचं कसं, तेही कळत नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दोघं स्वेटर घ्यायला गेली. थंडी पडली की बोरिवलीत एका मैदानावर स्वेटरवाल्यांचे तंबू लागतात. उत्तरेकडची माणसं येतात, तीन महिने बसतात, उन्हाच्या आधी निघून जातात. मुंबईत स्वेटरची गरज कोणाला पडते हा प्रश्नच आहे, पण राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूने पहाटे गार वारा सुटतो आणि तेवढ्यावर लोक हौस भागवून घेतात. शेवंतीने एक जाड, मातकट रंगाचा स्वेटर अंगाला लावून पाहिला. विकणारी बाई पन्नाशीची, गोरी, गालावर बारीक रेषांचं जाळं. शेवंतीने आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, तुम्ही कुठच्या?

बाई म्हणाली, कुल्लूजवळच्या एका गावातली. मनालीच्या खाली, तासाभरावर.

चंद्रप्रकाश हातमोजे बघत होता. ते त्याच्या हातातच राहिले. आता विषय बदलायला हवा होता. स्वेटरची किंमत विचारावी, रंग उडेल का विचारावं, काहीही. एरवी चाळीस माणसांच्या स्वयंपाकात मीठ जास्त पडलं तर दोन मिनिटांत तोड काढणारा माणूस तो, पण आत्ता नुसता हातमोजे उलटसुलट करत राहिला.

शेवंतीचा चेहरा मात्र उजळला. एवढ्या दिवसांच्या भीतीला विचारायला खरं माणूस मिळालं होतं. आम्ही डिसेंबरात मनालीला निघालोय, तिने सांगितलं, आणि रस्त्याची धास्ती वाटते. मेमध्ये बर्फाने बंद होतो ना तो?

"मई में?" बाईला प्रश्नच समजला नाही. "मई में तो रास्ता खुला रहता है, माताजी. मई में ही तो सारी दुनिया आती है."

शेवंतीने पुन्हा विचारलं. दोन हजार नऊच्या मेमध्ये? अवकाळी पडला होता म्हणे. बाईने जरा आठवून पाहिलं आणि मान हलवली. त्या वर्षी मेमध्ये तिच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं होतं. वरात मनालीहूनच आली होती, त्याच रस्त्याने. वर डोंगरात घाट बंद असतो, तो वेगळा. खालचा रस्ता बर्फाने बंद झालेला तिने मेमध्ये कधी पाहिला नव्हता. डिसेंबरातही बहुतेक चालू असतो, बिनधास्त जा, असं म्हणून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

शेवंतीने स्वेटरची घडी घातली. किमतीवरून घासाघीस केली नाही. पैसे दिले, पिशवी घेतली आणि चालायला लागली. चंद्रप्रकाश दोन पावलं मागे. रिक्षात ती बाहेर बघत बसली. ती रागावली आहे, रडणार आहे की कसला विचार करते आहे, हे त्याला ओळखता येईना. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याला तिची पाठमोरी मान वाचता यायची, पण आज ती मान कोणा दुसऱ्याच बाईची असावी तशी वाटत होती.

घरी येऊन तिने चहा टाकला. एकच कप. तो टेबलावर त्याच्यापुढे ठेवून ती समोर बसली. टेबलावर तपकिरी वही पडली होती. संध्याकाळी श्रुतिका प्लॅन बघायला येणार होती. हाताला काहीतरी हवं म्हणून असेल, शेवंतीने ती उघडली आणि मोठ्याने वाचायला लागली.

"दिवस पहिला. सकाळी सहा, चहा. साडेसात, कांदेपोहे, सोबत शेव. दुपारी एक, पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. चार वाजता कांदाभजी. रात्री आठ, टोमॅटोचं सार, मटकीची उसळ, चपाती, खीर. दिवस दुसरा. पहाटे अडीच, डबे भरणे. मेथीचे ठेपले, गुळाच्या दशम्या, लसणाची चटणी."

पानं उलटून तिने सगळं वाचलं. तिसऱ्या दिवसाशी, जिथे 'रात्री पुरणपोळी, कटाची आमटी' असं होतं, तिथे वाचून संपलं. चंद्रप्रकाशला स्वतःलाच आत्ता कळत होतं त्याने काय लिहिलंय. यात एक देऊळ नव्हतं, एक डोंगर नव्हता, एक रस्ता नव्हता.

"ह्यात तुम्ही जेवता कधी?" शेवंतीने विचारलं.

बावीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. "सगळ्यांचं झाल्यावर," तो म्हणाला. "उभ्याउभ्याच. उरलं असेल ते."

"आणि बर्फ?"

"नाही बघितला."

रागावली किंवा हबकली की शेवंती गावच्या बोलीत शिरते. तशीच ती हलक्या आवाजात म्हणाली, "आता खरा काय ता सांगा."

मग त्याने सांगितलं. सांगताना तो सारखा अडखळत होता, कारण इतकी वर्षं त्याने ते स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. त्या मेमध्ये त्याच्या जोडीचा आचारी काविळीने पडला आणि घरी गेला. हा एकटाच, हाताखाली फक्त भांडी घासणारा. फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मॅनेजर, नितेश नव्हे, त्याच्या आधीचा, म्हणाला की दुसरा आचारी यायला आठ दिवस लागतील. तू गेलास तर माणसं उपाशी राहतील आणि तू परत येऊ नकोस. नोकरीची भीती होती, ती खरीच. पण नुसती तेवढीच नव्हती. समोर हरभऱ्याची डाळ शिजत होती. तुकडीची शेवटची रात्र होती. ती डाळ तशीच टाकून जायचं त्याला सुचलं नाही. गोंधळ उडाला. त्याने पुरण वाटायला घेतलं. वाटून झाल्यावर तिला फोन केला आणि तोंडाला आलं ते सांगितलं.

"तुझे बापू गेले त्या दिवशी," तो म्हणाला, "मी बेचाळीस माणसांना पुरणपोळी वाढली, शेवंते. सुतकात गोडाचं ताट. हे तुला सांगणार कसं? बर्फ सांगितला."

बाहेर कोणीतरी मोटरसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं. तीन-चार वेळा घरघरून ती सुरू झाली आणि निघून गेली. शेवंती वहीच्या पानाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"मी बर्फावर राग धरून होते," ती म्हणाली. "सोळा वर्षं. टीव्हीवर बर्फ दिसला तरी चॅनल बदलायचे. तुम्हाला वाटायचं मला थंडीचे सिनेमे आवडत नाहीत."

त्याला खरंच तसं वाटायचं.

"तुम्ही खाल्लीत? त्या रात्री, पुरणपोळी?"

"नाही."

"मग काय जेवलात?"

त्याने आठवायचा प्रयत्न केला. मागच्या दाराशी उलट्या पिंपावर बसलो होतो, एवढं आठवलं. अंधारात शिखरं पुसट दिसत होती. "काहीच नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी पण नाही, बहुतेक. मला नीट सांगता येत नाही."

शेवंती उठली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला नाही, नळाचा आला नाही. चंद्रप्रकाश बसून राहिला. चहावर साय धरली. आता तिकिटं रद्द करायची का, श्रुतिकाला काय सांगायचं, शेवंती गावाला निघून जाईल का, एकातून एक असे प्रश्न येत होते आणि कुठल्याच प्रश्नाला टोक सापडत नव्हतं. त्याने वही जवळ ओढली आणि उगीच पेनचं टोपण काढलं.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. तोंड धुतलेलं होतं. नवा स्वेटर पिशवीतून काढून तिने मांडीवर घेतला आणि त्याची चिठ्ठी दातांनी तोडली.

"जायचं," ती म्हणाली. "बर्फ श्रुतिकेक दाखवा. पडलेलो आसलो तर. माका आधी ता रांधप दाखवा."

"स्वयंपाकघर? ते कशाला गं? काळंकुट्ट आहे ते."

"माझो बापूस गेलो तेव्हा तुम्ही खंय उभे होतात, ता माका बघूचा आसा."

ही शिक्षा होती की माफी, की दोन्ही नव्हतं, हे चंद्रप्रकाशला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही आणि तिच्या चेहऱ्यावरही ते लिहिलेलं नव्हतं. त्याने पहिल्या दिवसाच्या चहापोह्यांवर काट मारली. वर, समासात, सावकाश अक्षर काढून लिहिलं: 'सकाळी. हॉटेलच्या मागच्या दाराने आत.' मग थोडं थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली: 'तिथे उलटं पिंप होतं. बघणे.'

संध्याकाळी श्रुतिका आली. आईचे डोळे सुजलेले बघून तिने भुवया उडवल्या, पण आई म्हणाली कांदा चिरत होते. श्रुतिकाने वही घेतली, काटलेल्या पोह्यांवर हसली, दशम्यांवर हसली आणि समासापाशी थांबली.

"बाबा, हे मागचं दार म्हणजे कुठला स्पॉट आहे? मॅपवर आहे का?"

शेवंतीने स्वेटरची बटणं लावता लावता नवऱ्याकडे पाहिलं. चंद्रप्रकाशने घसा खाकरला नाही, खुर्चीही ओढून घेतली नाही.

"मॅपवर नाही सापडणार," तो म्हणाला. "ते मी दाखवतो. मनालीतलं तेवढं एकच मला माहीत आहे."